तिसावी सुरुवात

बीज परीक्षण केंद्रातला एकुलता एक कॉम्प्युटर तिसाव्यांदा चालू केला की चाळीस मिनिटं कुणाचंही ऐकत नसे. एरवी तो गरीब गाय होता. बटण दाबलं की दोन मिनिटांत कामाला लागायचा. तिसाव्या वेळी मात्र पडदा काळा व्हायचा, वर एक इंग्रजी ओळ उमटायची, आणि आपल्या पोटातले सगळे कागद जागच्या जागी आहेत की नाहीत हे तो एकेक करून बघत बसायचा. त्यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर होतं. मुख्य कार्यालयाने सगळ्याच केंद्रांवर ते बसवलं होतं, आणि बसवायला आलेला दुरुस्तीवाला जाता जाता सांगून गेला होता की ही नेहमीची तपासणी आहे, दर तीस सुरुवातींनी होणार, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

हे त्याने नेमकं शेकड्यांना सांगितलं. शेकडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटाला ठाऊक. उगवण चाचणीसाठी बिया मोजून मांडणं हे त्यांचं काम. एका नमुन्याच्या चारशे बिया, शंभराचे चार भाग, ओल्या कागदावर चिमट्याने दहा-दहाच्या ओळी. वीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते त्यांचं झालं होतं. ते जिन्याच्या पायऱ्या मोजत, बसमधल्या खिडक्या मोजत, आणि भांडताना बायकोने 'मी शंभरदा सांगितलं' असं म्हटलं की तेही मनातल्या मनात मोजून बघत.

समोरच्या टेबलावर बाई असायच्या. हुद्दा दोघांचा एकच, परीक्षण सहायक. शेकड्यांनी मांडलेल्या बियांना सातव्या दिवशी कोंब आले की कोणता धड, कोणता अधू आणि कोणती बी मुळात मेलेलीच, हे बाई ठरवत. सकाळी शेकडे कॉम्प्युटर चालू करून आलेल्या नमुन्यांची नोंद करायचे, दुपारी बाई निकाल भरायच्या. आणि मध्ये एक ते दोन तो बंद असायचा, कारण साहेबांचा तसा नियम होता. आपण जेवत असताना यंत्राने राबावं हे त्यांच्या मनाला पटत नसे. म्हणजे रोजच्या सुरुवाती दोन: सकाळची शेकड्यांची, दुपारची बाईंची.

तीस ही संख्या सम आहे, आणि सगळी गोम तिथेच होती. दुरुस्तीवाला गेला त्याच संध्याकाळी शेकड्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला. पहिली सुरुवात दुपारी झाली होती. म्हणजे तिसावी येणार सकाळी. त्यानंतरची तिसावीही सकाळीच, आणि पुढची प्रत्येक तिसावी जन्मभर सकाळीच. दर पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं, आणि तेही खिडकीवर नमुन्यांच्या पिशव्या घेऊन माणसं उभी असताना. शेकड्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर एकदा चालू केला आणि लगेच बंद केला. एवढंच. तिसावी सरकली आणि बाईंच्या दुपारी जाऊन पडली, ती कायमची.

चोरी इतकी सोपी असू नये. रोज करावी लागली असती तर शेकड्यांना कधीतरी कंटाळा आला असता, लाज वाटली असती, निदान पकडले तरी गेले असते. ही एकदाच करायची आणि विसरायची. कधी वीज जाऊन-येऊन हिशेब उलटायचा, तेव्हा ते आणखी एक सुरुवात घालून तो सुलटा करून घ्यायचे. त्यासाठी त्यांच्या खणात टीपकागदाच्या गठ्ठ्याखाली एक चिठ्ठी असे आणि तिच्यावर पाच-पाचच्या रेघा.

पण विसरणं काही जमलं नाही. दर पंधराव्या दिवशी दुपारी दोन वाजता बाई बटण दाबायच्या, पडदा काळा व्हायचा, आणि शेकडे पाठ करून उगवण कक्षात शिरायचे. तिथे उकाडा असायचा, दमटपणा असायचा, चष्म्यावर वाफ धरायची. दाराच्या फटीतून बाईंची खुर्ची वाजलेली ऐकू यायची. कधी एखादा सुस्कारा यायचा. एका मनाने त्यांना वाटायचं, जाऊन सांगून टाकावं. दुसऱ्या मनाने वाटायचं, सांगितलं की तिसावी आपल्याकडे येणार. तीन वर्षांत असं अठ्ठावन्न वेळा झालं. अठ्ठावन्न गुणिले चाळीस, म्हणजे बाईंच्या आयुष्यातले साडेपाच कामाचे दिवस आपण खाल्ले, हा हिशेबही त्यांनी करून ठेवला होता. मोजल्याशिवाय त्यांना वाईटसुद्धा वाटता येत नसे.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, त्यात काय, उद्या उलट एकदा बंद-चालू करा, फिटलं. शेकडे म्हणाले, मग ते माझ्याकडे येईल ना. यावर बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती भाजी चिरायला लागली. ते पाहणं शेकड्यांना पुढे बरेच दिवस जेवताना आठवे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी परिपत्रक आलं. सात तासांच्या अंतरावरच्या एका केंद्रात परीक्षण सहायकाची जागा रिकामी झाली होती. ज्याला बदली हवी त्याने गुरुवारी दुपारी दोन ते अडीच या वेळात केंद्राच्या कॉम्प्युटरवरूनच अर्ज भरायचा. अर्धाच तास का, तर ज्याला खरंच गरज आहे त्याला अर्धा तास पुरतो, असं मुख्य कार्यालयाचं मत होतं.

त्या केंद्राला कुणीही स्वखुशीने जात नसे. गाव रखरखीत, केंद्रात पंखा एक आणि तोही साहेबांच्या खोलीत. पण बाईंचे यजमान त्याच गावी शाळेत चित्रकला शिकवत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांतली नऊ वर्षं ती दोघं महिन्यातून दोन रविवार भेटत होती. या नऊ वर्षांत तिथली जागा ही पहिल्यांदा मोकळी होत होती. बाईंनी परिपत्रक वाचलं. त्यांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं, थोड्या वेळाने काढून पुन्हा वाचलं, आणि त्या दिवशी आयुष्यात प्रथमच एक अधू कोंब धड म्हणून लिहिला. साहेबांनी तो पकडला तेव्हा त्या चक्क हसल्या.

शेकड्यांनी खण उघडून रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. गुरुवारची दुपारची सुरुवात तिसावी होती.

 दोनला पडदा काळा होणार, दोन चाळीसला मोकळा होणार, आणि अडीचला अर्ज बंद. नऊ वर्षांनी आलेली संधी बाईंच्या हातातून जाणार, आणि ती कुणी घालवली हे जगात एकट्या शेकड्यांनाच ठाऊक असणार. ते दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. मग बुधवारी दुपारी चहा पिता पिता त्यांना लख्ख उमजलं की उपाय तर आपल्याच हातात आहे. एक जादा सुरुवात. बुधवारी संध्याकाळी एकदा चालू करून बंद केलं की तिसावी गुरुवारी सकाळी येईल. आपल्याकडे. आपण लवकर येऊन चाळीस मिनिटं बसू, मग पुढची सगळी वर्षंही बसू. तीन वर्षांचं पाप एका बटणात धुऊन निघत होतं. शेकड्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी दुसरा चहा मागवला.

बुधवारी सगळे गेल्यावर त्यांनी ते बटण दाबलं. गुरुवारी सकाळी नऊला, म्हणजे केंद्र उघडायच्या तासभर आधी, ते कॉम्प्युटरसमोर अंघोळ-बिंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले. पडदा काळा झाला. इंग्रजी ओळ आली, ती त्यांनी वाचली नाही. खाली आकडे धावायला लागले: शंभरातले दोन, शंभरातले पाच, अकरा. शेकडा पाहून त्यांना घरच्यासारखं वाटलं. आपण उगाचच तीन वर्षं याला भ्यायलो, असंही वाटलं.

आकडा एकाहत्तरवर आला आणि थांबला.

शेकड्यांनी वाट पाहिली. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं गेली. पाच गेली. एकाहत्तर. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मागे ओढली, पडद्याला हळूच टिचकी मारली. दहा मिनिटं झाली तरी एकाहत्तर. बिया मोजणाऱ्या माणसाला मध्येच थांबलेला आकडा म्हणजे काय वाटतं हे दुसऱ्याला कळायचं नाही. एक तर बी हरवलेली असते नाहीतर मोजणारा मेलेला असतो. त्यांनी एक कळ दाबली, मग सगळ्या दाबल्या. साडेनऊ वाजले. आता साहेब येतील, बाई येतील, आणि हे यंत्र दुपारपर्यंत असंच एकाहत्तरवर बसून राहील. अठ्ठावन्न तपासण्या ज्या खुर्चीवर झाल्या त्या खुर्चीवर शेकडे तपासणीच्या वेळी आज पहिल्यांदा बसले होते, आणि मध्ये काय होतं, किती वेळ होतं, हे त्यांना विचारायला खोलीत कुणी नव्हतं.  ते टेबलाखाली वाकले आणि त्यांनी वायर उपटली.

पुन्हा लावली तेव्हा पडदा काळा झाला तो झालाच. तपासणी नाही, आकडा नाही. वर मोजून चार ओळी आणि खाली एक लुकलुकणारी रेघ. शेकड्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"तपासणी चालू असताना बंद तर नाही ना केलात?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"वीज गेली," शेकडे म्हणाले. छतावर पंखा गरगर फिरत होता.

दुरुस्तीवाल्याने फोनवरून काय काय लिहायला सांगितलं. मग म्हणाला, आता ते तुम्हाला प्रश्न विचारेल, प्रत्येकाला हो म्हणत राहा. आणि प्रश्न सुरू झाले. अमुक क्रमांकाच्या तुकड्याला धनी सापडत नाही, उचलून ठेवू का? तमुक ठिकाणचा आकडा चुकीचा आहे, सुधारू का? आता शेकड्यांनी जन्मात न पाहता कशाला हो म्हटलेलं नव्हतं. तुकडा कसला, धनी कोण, चुकीचा म्हणजे कितीने चुकीचा, हे कळल्याशिवाय हो कसं म्हणायचं? ते प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे, मग फोन करून विचारायचे. चौदाव्या प्रश्नाला दुरुस्तीवाल्याने फोन उचलणं बंद केलं.

तेवढ्यात बाई आल्या. ठेवणीतली साडी, हातात कागदांची फाइल, केसांना आज तेलही लावलेलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि फाइल टेबलावर ठेवली.

"एकाहत्तरला थांबलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं..."

"तिथं ते पंधरा मिनिटं थांबतं. दरवेळी थांबतं. थांबू द्यायचं असतं."

  बाईंनी त्यांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि होकाराच्या कळीवर बोट आपटायला लागल्या. हो, हो, हो, हो. न वाचता.

दहा वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. काय झालं ते त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ते हळहळले आणि बाईंना म्हणाले, "अहो, मी तर तुमच्याच सांगण्यावरून आज यंत्राची जेवणाची सुट्टी रद्द केली होती. सकाळी लावलेलं दुपारी बंद म्हणून करणार नव्हतो. मग हे मध्येच काय?"

शेकडे टेबलाला टेकून उभे होते ते खालीच बसले. दुपारी बंद करणार नव्हते. म्हणजे दुपारची सुरुवात आज मुळी नव्हतीच. बाईंनी त्याची व्यवस्था सोमवारीच करून ठेवली होती. शेकड्यांनी काहीही केलं नसतं, बुधवारी संध्याकाळी मुकाट घरी जाऊन नेहमीसारखं स्वार्थी आयुष्य जगले असते, तर दोन वाजून एक मिनिटाने बाईंचा अर्ज गेला असता.

प्रश्न संपेचनात. बाईंचं बोट दुखायला लागलं तेव्हा शेकडे बसले, शेकड्यांचं दुखलं तेव्हा साहेब म्हणाले, सरका, मी बघतो. हजार अर्जांत एकाला हो म्हणणारा हा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी एका बैठकीत साडेसहाशे वेळा हो म्हटलं, आणि पुढे पुढे तर त्यांना त्याची गोडी लागल्यासारखी दिसली. खिडकीवर नमुने घेऊन आलेल्या माणसांना उद्या या म्हणून सांगितलं. कुणी जेवलं नाही. दोनला दहा कमी असताना प्रश्न संपले, कॉम्प्युटर उठला, आणि पडद्यावर नेहमीचं निळं चित्र आलं तेव्हा तिघांनीही एकदम श्वास सोडला.

बाईंनी मुख्य कार्यालयाचं पान उघडलं. पानाने विचारलं, आपण कोणतं केंद्र? एरवी हे विचारायची वेळच येत नसे. केंद्राच्या ओळखीची एक फाइल कॉम्प्युटरमध्ये असायची, ती आपोआप पुढे व्हायची. आज ती जागेवर नव्हती. साहेबांनी स्वतःच्या फोनवरून दुरुस्तीवाल्याला गाठलं. साहेबांचा फोन त्याने उचलला. म्हणाला, ज्यांचं नाव-गाव पुसलं गेलं ते सगळे तुकडे एका 'हरवले-सापडले' कप्प्यात गेले असतील, तिथे बघा. कप्पा उघडला. त्यात अकराशे फाइली होत्या आणि एकीलाही नाव नव्हतं, नुसते क्रमांक.

मग शेकडे बसले. हे तरी त्यांचं काम होतं. एकेक उघडायची, बघायची, बाजूला टाकायची. दोन वर्षांपूर्वीच्या गव्हाचा निकाल. रजेचा अर्ज. अर्धा निकाल. कुणाच्या तरी लेकीच्या वाढदिवसाचा फोटो. पुन्हा गहू. त्यांचा हात इतका भरभर याआधी कधी चालला नव्हता. बाई पाठीमागे उभ्या होत्या, आणि त्या काहीच बोलत नव्हत्या, घाई करा असंही म्हणत नव्हत्या. शेकड्यांना तेच सोसत नव्हतं. त्यांनी बोलावं, ओरडावं, चिमटा फेकून मारावा, असं त्यांना वाटत होतं. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आठशे त्र्याण्णवाव्या फाइलीत केंद्राची ओळख सापडली. बाईंनी पान पुन्हा उघडलं. मुदत संपली आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

साहेब त्यांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाईंनी फाइल पिशवीत घातली, ॲप्रन चढवला आणि सातव्या दिवसाचे कोंब बघायला घेतले. शेकडे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"वीज गेली नव्हती," ते म्हणाले. "मी वायर काढली. आणि तिसावी सकाळी आली ती आपोआप नाही आली, मी काल एकदा जादा चालू केलं होतं. तुमचं आज अडू नये म्हणून. आणि..." ते बाईंच्या चिमट्याकडे बघत म्हणाले. "आणि पहिल्यापासून ती तुमच्याकडे येते ती माझ्यामुळेच. तीन वर्षं मीच ढकलतोय तुमच्यावर."

बाईंनी चिमट्याने एक कोंब उचलला, उजेडात धरला, अधूंमध्ये ठेवला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"पडद्यावर पहिली ओळ तीच तर असते. तीसदा चालू झालं, आता तपासतो म्हणून. समोर बसणाऱ्याला वाचायला लागतंच. मग मी मोजलं. पहिल्याच महिन्यात कळलं मला. एकदा बंद-चालू करून मीही तुमच्यावर ढकललं असतं."

"मग का नाही ढकललंत?"

"ती चाळीस मिनिटं माझी होती, शेकडे. साहेब काम सांगत नाहीत, यंत्र अडलेलं असतं, कुणी विचारत नाही. यांच्या शाळेत तेव्हा मधली सुट्टी असते. पंधरा दिवसांतून एकदा पोटभर बोलायचो आम्ही, फोनवर, दबक्या आवाजात. तुम्ही तर लगेच त्या उगवण कक्षात जाऊन दार लावून घ्यायचात. मला वाटायचं, माझ्यासाठीच जाता. किती समजूतदार माणूस आहे, म्हणून यांना सांगितलंही होतं मी."

शेकड्यांना हे ऐकवेना. चोरी केली ते अठ्ठावन्न दिवस या बाई सुखात होत्या, आणि एक दिवस भलं करायला गेलो तर त्यांचा संसार मोडायला निघालो.

"एका शब्दाने विचारलं असतंत तर," बाई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर शेकड्यांना त्या रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी शेकड्यांनी मुख्य कार्यालयाला दीड पानी पत्र लिहिलं. तपासणी चालू असताना मी स्वतः वायर काढली, त्यामुळे बाईंचा अर्ज राहिला, चूक पूर्णपणे माझी आहे, तरी त्यांचा अर्ज आल्याचं धरून विचार व्हावा. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं खरं कधी लिहिलं नव्हतं. साहेबांनीही खाली दोन ओळींची शिफारस जोडली. बायकोने पत्र वाचून, आता कसं माणसात आलात, असं म्हटलं, आणि त्या दिवशी शेकडे नीट जेवले.

मुख्य कार्यालयात ते पत्र एका उपसंचालकांच्या टेबलावर गेलं. त्यांच्यापुढे त्या दिवशी दोन अडचणी होत्या. एक, त्या रखरखीत गावच्या जागेसाठी एकाही माणसाचा अर्ज आला नव्हता. दोन, एका केंद्रातला एक कर्मचारी चालू यंत्राच्या वायरी उपटतो, असं त्याने स्वतःच लेखी कळवलं होतं. उपसंचालकांनी एका दगडात दोन पक्षी मारले. बाराव्या दिवशी आदेश आला: निष्काळजीपणाबद्दल शेकड्यांची त्या गावी बदली, सात दिवसांत हजर व्हावं.

शेकडे धावत साहेबांकडे गेले, साहेबांनी फोन लावला. ही जागा बाईंना द्या, यांना हवी ती दुसरी शिक्षा द्या, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की बाईंचा अर्जच नाही, तर विचार कशाचा करायचा? आणि आदेश एकदा निघाला की वर्षभर बदलत नाही. वर्षाने दोघांनी अदलाबदलीचा अर्ज करावा, पाहू.

बाईंनी आदेश वाचला. दोनदा वाचला. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसू थांबल्यावरही बराच वेळ येतच राहिलं. शेकडे उभे होते. काय करावं हे न कळून त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"यांना कळवते," डोळे पुसून बाई म्हणाल्या. "बस स्टँडवर न्यायला येतील. तुमचं तिथं कोण आहे दुसरं?"

शेकडे एकटेच निघाले. धाकटीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत बायकोला हलता येणार नव्हतं. महिन्यातून दोन रविवार येत जा, असं ती म्हणाली, आणि म्हणताना दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सात तासांनी, भर दुपारी, ते बसमधून उतरले. बाईंचे यजमान समोरच उभे होते. उंचेपुरे, सदऱ्याच्या बाहीवर रंगाचे डाग. त्यांनी शेकड्यांच्या हातातली ट्रंक जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि वाटभर गावाबद्दल बोलत राहिले: पाणी सकाळी किती वाजता येतं, दूध कुठलं चांगलं. दुसऱ्या कशाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. शेकडे हो हो करत मागून चालत होते. त्यांनी एकदा माफीचा विषय काढला, तर यजमान म्हणाले, अहो, ती नेहमी तुमचं कौतुक करते, आणि त्यांनी ट्रंक दुसऱ्या हातात घेतली.

त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलेलं होतं. परिपत्रक आलं त्याच सोमवारी जुनी एक खोली सोडून हे ठरवलं होतं, नंतर मालक आगाऊ दिलेलं परत करेना. भिंतींना नवा रंग होता, स्वयंपाकघरात नवीन फळी होती. आतल्या खोलीकडे हात करून ते म्हणाले, "ही तुमची. तोंड-बिंड धुवा, मी चहा टाकतो."

शेकड्यांनी ट्रंक कोपऱ्यात ठेवली, तोंड धुतलं आणि खिशातून कंगवा काढून ते आरशापुढे उभे राहिले. आरशात त्यांना सदऱ्याची तीन बटणं दिसली आणि हनुवटी. चेहरा काही दिसेना. ते एक पाऊल मागे गेले, तरी बटणंच दिसत राहिली.

दारातून यजमान बघत होते. त्यांच्या हातात साखरेचा डबा होता.

"खाली लागलाय तो," ते म्हणाले. "तिच्या उंचीने लावला होता. थांबा, खिळा काढून वर घेतो."

"नको," शेकडे म्हणाले. "असू दे तिथंच."

यजमान चहाकडे वळले. शेकडे पुन्हा आरशाजवळ सरकले. मग गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले, पुरते वाकले, आणि आरशात स्वतःचं तोंड दिसल्यावर त्यांनी भांग पाडला.